महामार्गाच्या कडेने पदपथ आणि सायकल मार्ग कसा आखावा: सोलापूरच्या रस्त्यांसाठी एक मार्गदर्शक

कोजागरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांसाठी दरवर्षी महामार्गावरची वाहतूक दुसरीकडे वळवली जाते आणि सुमारे ४५ किलोमीटरचा तो रस्ता पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतो. वर्षातल्या उरलेल्या दिवशी त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुले, विडी कामगार महिला, यंत्रमागावरून पाळी संपवून निघालेले सायकलस्वार आणि भाजीची पाटी घेतलेल्या बाया मुरमाच्या पट्टीवरून चालत असतात. पुणे ते हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, तुळजापूर आणि विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ आणि अक्कलकोटचा रस्ता हे सारे सोलापुरात येऊन मिळतात. त्यामुळे महामार्गाच्या कडेचे चालणे ही इथे काही मोजक्या गावांची अडचण नसून शहराच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

हा लेख नागरिकांचे गट, प्रभागातले कार्यकर्ते आणि अशा कामाचा पहिला आराखडा हाती घेणारे तरुण अभियंते यांच्यासाठी आहे. आरंभीच एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. सरळ लांबीत पदपथ कसा दिसतो याला फारसे महत्त्व नाही. तो पेट्रोल पंपासमोर, कारखान्याच्या फाटकापाशी, नाल्यावरच्या पुलावर आणि बस थांब्यामागे टिकतो की तुटतो, यावर लोक तो वापरतील की नाही हे ठरते. अर्धा मीटर रुंदी कमी पडली तर माणसे सांभाळून घेतात, पण दहा मीटरचा खंड पडला तर ती वाहनांच्या रस्त्यावर उतरतात, आणि एकदा उतरलेला माणूस पुन्हा वर चढत नाही.

पहिली पायरी: रस्ता कोणाचा आहे हे शोधणे

महामार्गाच्या कडेला चार यंत्रणांची हद्द एकमेकींत मिसळलेली असते. मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या महामार्ग शाखेकडे असतो, गटार आणि पथदिवे पुष्कळदा महापालिकेकडे असतात, खांब वीज कंपनीचे असतात आणि औद्योगिक वसाहतीसमोरची पट्टी औद्योगिक विकास महामंडळाच्या आखणीत मोडते. वळण रस्ता झाल्यावर शहरातून जाणारा जुना मार्ग दुसऱ्या यंत्रणेकडे वर्ग झालेला असण्याचीही शक्यता असते. मैलाच्या दगडाचा रंग प्राथमिक खूण सांगतो. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा आणि हिरवा राज्य महामार्गाचा. परंतु हस्तांतरणानंतर दगड तसाच राहू शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

संबंधित कार्यालयाकडे लेखी अर्ज करून, आणि गरज पडल्यास माहितीच्या अधिकारातून, तीन गोष्टी मागाव्यात: त्या किलोमीटरमधील रस्त्याच्या हद्दीचा नकाशा, देखभालीची जबाबदारी कोणाकडे आहे याचा आदेश, आणि पुढील काही वर्षांत तिथे उड्डाणपूल, जलवाहिनी किंवा रुंदीकरण प्रस्तावित आहे का याचे उत्तर. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नवा पदपथ झाल्यावर सहा महिन्यांत जलवाहिनीसाठी तो उकरला जाण्याचा अनुभव कोणत्या शहराला नाही?

दुसरी पायरी: माणसे मोजणे

वाहनांची मोजणी सरकारी दप्तरात मिळते, माणसांची मिळत नाही. ती आपल्यालाच करावी लागते आणि तिला लागतात चार माणसे, एक छापील तक्ता आणि दोन दिवस. वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. हैदराबाद रस्त्यावर बाजार समितीच्या आसपास दिवस पहाटेच सुरू होतो, अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत पाळी बदलताना सायकली आणि पायी कामगार एकदम बाहेर पडतात, तर पुणे रस्त्यावर केगावच्या विद्यापीठ परिसरात तासिकांच्या वेळा गर्दी ठरवतात. सकाळी दहा ते बारा ही सरकारी सोयीची वेळ धरून केलेली मोजणी यांपैकी बहुतेकांना वगळते.

तक्त्यात कडेने चालणारे, रस्ता ओलांडणारे आणि सायकलस्वार यांचे रकाने वेगळे ठेवावेत. लहान मुले, वृद्ध, ओझे घेतलेले आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांचीही स्वतंत्र नोंद करावी. उलट्या दिशेने येणाऱ्या सायकलस्वारांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे असते, परंतु कामगाराचे घर आणि कारखाना रस्त्याच्या एकाच बाजूला असताना दुभाजकातला कट दीड किलोमीटर पुढे असेल, तर तीन किलोमीटरचा वळसा घालून तो नियम पाळेल अशी अपेक्षा करणारा आराखडाच चुकलेला असतो. दुभाजकावरची तुटलेली जाळी, झुडपांमधून पडलेली पायवाट आणि कठड्यावर घासून गुळगुळीत झालेली जागा या खुणा नकाशावर उतरवाव्यात. लोकांनी ओलांडण्याची जागा निवडलेली असते. आपल्याला ती फक्त सुरक्षित करायची असते.

या मोजणीचा एक थेट उपयोग आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चौकांदरम्यान ओलांडण्याची नियंत्रित सोय कधी द्यावी यासाठी एक साधे सूत्र आहे. गर्दीच्या तासात ओलांडणाऱ्या माणसांच्या संख्येला त्याच तासातील वाहनसंख्येच्या वर्गाने गुणावे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर हा गुणाकार २० कोटींपेक्षा आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींपेक्षा अधिक आला, तर सोय देणे समर्थनीय ठरते. तासाला १,००० वाहने आणि ३०० माणसे असतील तर उत्तर ३० कोटी येते, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण होतात. वाहने २,००० असतील तर अवघी ५० माणसेही २० कोटींच्या काठावर नेऊन ठेवतात. बैठकीत ‘इथे ओलांडतेच कोण’ असा प्रश्न आला की हा आकडा पुढे ठेवावा.

तिसरी पायरी: उपलब्ध रुंदीची वाटणी

आता फीत घेऊन मोजायचे. मुख्य रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापासून मालमत्तेच्या कुंपणापर्यंत दर ५० मीटरवर रुंदी मोजावी, आणि सर्वांत अरुंद जागा कोणती ते लाल शाईने लिहावे, कारण आराखडा सरासरीवर नव्हे तर त्या जागेवर बेतायचा असतो.

समजा, ही रुंदी १४ मीटर मिळाली. तर एक शक्य वाटणी अशी होते: महामार्गाची पक्की साइडपट्टी १.५ मीटर, संरक्षक कठडा आणि झुडपे १.५ मीटर, सर्व्हिस रोड ५.५ मीटर, झाडे, दिवे व फलकांची पट्टी १ मीटर, एकेरी सायकल मार्ग २ मीटर आणि पदपथ २.५ मीटर. पदपथाचा कुंपणालगतचा अर्धा मीटर चालण्यासाठी वापरला जात नाही. भिंतीला घासून कोणी चालत नाही. म्हणजे प्रत्यक्ष मोकळी रुंदी २ मीटर उरते. आयआरसी १०३ नुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच जागा अडथळ्याविना मोकळी असावी लागते. दुकानांच्या रांगेसमोर आणि बस थांब्यांजवळ अर्थातच याहून बरीच अधिक रुंदी धरावी.

सायकल मार्ग एकेरी असेल तर २ मीटर आणि दुहेरी असेल तर ३ मीटर ही किमान रुंदी धरून चालावे. मोजणीत उलट्या दिशेच्या सायकली जास्त दिसल्या असतील, तर त्या बाजूचा मार्ग सरळ दुहेरीच आखावा. एकेरी आखला तरी तो दुहेरीच वापरला जाणार आहे. फरक इतकाच की तेव्हा समोरून येणाऱ्याला जागा नसेल.

रुंदी अपुरी पडते तिथे कोणी माघार घ्यायची याचा क्रम आधी ठरवून ठेवावा, नाही तर प्रत्यक्ष कामाच्या वेळी नेहमीच पदपथ आक्रसतो. माझ्या मते प्रथम सर्व्हिस रोडची जादा रुंदी कमी करावी. अरुंद सर्व्हिस रोडवर वाहने आपोआप हळू चालतात. तरीही पुरत नसेल तर सर्व्हिस रोडचा वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरवून सायकली त्याच्यावर घ्याव्यात. पदपथाची १.८ मीटर मोकळी रुंदी मात्र शेवटपर्यंत हलवू नये. आणि काही झाले तरी महामार्गाच्या साइडपट्टीवर रंगाचा पट्टा ओढून त्याला सायकल मार्ग म्हणू नये. महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. त्या वेगाने जाणाऱ्या मोटारीला किंवा भरधाव मालमोटारीला पांढरा रंग अडवत नाही.

उंचीची रचनाही याच टप्प्यात ठरते. पदपथाची कड १५० मिलिमीटरहून उंच नसावी. ती उंच केली की वाहने चढत नाहीत हे खरे, पण आजीही चढत नाहीत. सायकल मार्ग रस्ता आणि पदपथ यांच्या मधल्या पातळीवर ठेवला तर तिन्ही जागा नजरेला वेगळ्या दिसतात आणि पायालाही कळतात.

चौथी पायरी: खंड पडणाऱ्या जागा

आराखड्याचा सर्वाधिक वेळ इथे द्यावा. निवडलेल्या लांबीत पदपथाला छेद देणाऱ्या सगळ्या जागांची यादी करावी: गल्लीची तोंडे, फाटके, पेट्रोल पंप, मंगल कार्यालये, ढाबे, नाल्यांवरचे पूल, उड्डाणपुलाचे उतार, बस आणि रिक्षा थांबे. एका किलोमीटरमध्ये अशा तीस-चाळीस जागा निघाल्या तर नवल वाटून घेऊ नये.

फाटकांपाशी सर्रास होणारी चूक म्हणजे पदपथ रस्त्याच्या पातळीपर्यंत उतरवून पलीकडे पुन्हा चढवणे. चालणाऱ्याला दर वीस मीटरला खाली-वर करावे लागते आणि चाकाच्या खुर्चीचा प्रवास तिथेच संपतो. योग्य पद्धत याच्या उलट आहे: पदपथ आणि सायकल मार्ग एकाच पातळीवर सलग न्यावेत आणि वाहनाने कडेच्या छोट्या उतारावरून चढून, तो ओलांडून आत जावे. उतार झाडा-दिव्यांच्या पट्टीत बसवता येतो. याच कारणाने ती एक मीटरची पट्टी वाया गेलेली जागा समजू नये. फाटकापुढे लादी किंवा काँक्रीटचा पोत तसाच ठेवला की, ही चालणाऱ्यांची जागा असून आपण ती ओलांडत आहोत, हे चालकालाही कळते.

गल्लीच्या तोंडाशीही हेच तत्त्व लावावे आणि वळणाची त्रिज्या लहान ठेवावी. महामार्गाचे अभियंते सवयीने मोठी गोलाई देतात, म्हणजे मालमोटार वेग न कमी करता वळते. पण ज्या पेठेत दिवसातून दोनदा टेम्पो जातो तिथे कंटेनरसाठी वळण आखण्याचे कारण नाही. एमआयडीसीच्या प्रवेशाची गोष्ट वेगळी. तिथे मोठ्या गाड्या खरोखरच वळतात, त्यामुळे गोलाई मोठी लागते आणि ओलांडण्याची जागा गोलाईपासून थोडी आत सरकवून मध्ये थांबण्याचे बेट द्यावे लागते.

पेट्रोल पंपांची अडचण अशी की पुष्कळदा संपूर्ण दर्शनी बाजूच उघडी केलेली असते. मंजूर नकाशात आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन ठरावीक मार्ग व त्यांच्यामध्ये बंद बेट दाखवलेले असते. त्या नकाशाची प्रत मागवून बेट पुन्हा उभे करण्याचा आग्रह धरला, तर नवीन जागा न घेता वीस-पंचवीस मीटर सलग पदपथ परत मिळतो.

बस थांब्यावर सायकल मार्ग निवाऱ्याच्या मागून न्यावा. पुढून नेला तर दारातून उतरणारा प्रवासी थेट सायकलपुढे येतो. निवारा पदपथाच्या मोकळ्या रुंदीत नव्हे, तर झाडांच्या पट्टीत किंवा थांब्यासाठी पुढे काढलेल्या बेटावर बसवावा.

नाल्यावरचे जुने पूल ही सर्वांत अवघड जागा. मुख्य रस्ता पुलाच्या कठड्यापर्यंत पसरलेला असतो आणि पादचाऱ्याला जागाच नसते. पूल रुंद करण्याचा खर्च आणि काळ पाहता शेजारी दोन-अडीच मीटर रुंदीचा स्वतंत्र पादचारी व सायकल पूल टाकणे अनेकदा सोपे जाते. त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात करावी. ‘पुलाचे नंतर पाहू’ असे म्हणून केलेल्या पदपथाची दोन्ही टोके नाल्याशी संपतात आणि तो सजावटीपुरता उरतो.

पाचवी पायरी: ओलांडण्याची सोय

पादचारी उड्डाणपूल मागण्याचा मोह आवरावा. मालमोटारी खालून जाण्याएवढी उंची आणि वरच्या तुळईची जाडी धरली तर चालण्याची पातळी जमिनीपासून सुमारे ६ मीटर जाते. १५० मिलिमीटरच्या पायऱ्या धरल्या तर त्या ४० होतात, आणि १ : १२ या उताराने रॅम्प केला तर मधले सपाट टप्पे सोडून तो ७२ मीटर लांब होतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात, पारा चाळिशीपार असताना, ही चढण चढून पुन्हा उतरण्यापेक्षा लोक दुभाजकावरून उडी मारतात, आणि त्यांना दोष देणे निरर्थक आहे. माझा कल जमिनीवरच्या, सिग्नलने किंवा उंचवट्याने संरक्षित केलेल्या ओलांडणीकडे आहे. महामार्ग भरावावरून जात असेल तिथे भुयारी मार्ग चांगला, कारण माणसाला पातळी बदलावी लागत नाही. अट एवढीच की तो आरपार दिसावा, त्यात दिवे असावेत आणि पाणी साचू नये.

जमिनीवर ओलांडताना रस्ता दोन टप्प्यांत तोडणे महत्त्वाचे. एका बाजूच्या दोन मार्गिका आणि साइडपट्टी मिळून ८.५ मीटर रुंदी धरली, तर सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस ती सात सेकंदांत पार करतो; काठी टेकत ०.८ मीटरने चालणाऱ्याला जवळपास अकरा सेकंद लागतात. सिग्नलचा काळ या दुसऱ्या माणसाच्या चालीवर ठरवावा. दुभाजकात किमान २ मीटर रुंद थांबा असावा, म्हणजे सायकल किंवा बाबागाडी घेऊन उभे राहता येते. ओलांडण्याची वाट दुभाजकात किंचित तिरकी वळवली, तर दुसऱ्या बाजूला पाऊल टाकण्याआधी माणसाचे तोंड येणाऱ्या वाहनांकडे वळते.

या सोयीच्या आधी वेग उतरवावाच लागतो. फलक, आडवे पट्टे आणि मार्गिका अरुंद भासेल अशी आखणी हे तिन्ही एकत्र असावेत. एकटा फलक वाचला जात नाही.

सहावी पायरी: माती, पाणी आणि सावली

सोलापूरच्या परिसरात जागोजागी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तडकते आणि वरचे पेव्हर ब्लॉक लाटेसारखे वरखाली करते. ब्लॉक निकृष्ट होते अशी तक्रार होते, पण दोष बहुधा खालच्या थरात असतो. पुरेशी काळी माती काढून मुरूम आणि खडीचे थर पाणी मारून नीट दाबणे, दोन्ही कडांना पक्के कर्बस्टोन बसवणे आणि पाणी मातीत न मुरता गटारात जाईल असा उतार देणे, ही तिन्ही कामे निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहावीत. चालण्याच्या भागात ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक सामान्यतः चालतात, फाटकांसमोर ८० मिलिमीटरचे वापरावेत. सायकल मार्गाला मात्र ब्लॉक नकोत. त्यावर डांबर किंवा काँक्रीटच हवे, अन्यथा सायकलस्वार गुळगुळीत रस्त्यावर परततो.

पाऊस इथे कमी पडतो, पण पडतो तेव्हा एकदम पडतो. गटारावर झाकण टाकून त्यालाच पदपथ म्हणण्याची पद्धत जागा वाचवते खरी. परंतु झाकण तुटले, चोरीला गेले किंवा सफाईनंतर वाकडे बसले की तो सापळा होतो. शक्य तिथे गटार झाडांच्या पट्टीखाली घ्यावे आणि चेंबरची झाकणे पदपथाच्या पातळीला मिळवावीत.

सावलीचा विचार आराखड्यात शेवटी येतो आणि निधी संपला की गळतो. कडुनिंब आणि करंज ही या हवेत तग धरणारी झाडे पदपथाच्या दक्षिण किंवा पश्चिम बाजूला लावली तर दुपारची सावली चालणाऱ्यावर पडते. उलट बाजूला लावली तर ती डांबरावर पडते. उभी असलेली जुनी झाडे तोडण्यापेक्षा मार्ग त्यांच्याभोवती वळवावा. तोड टळतच नसेल तर १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तिला लागणारा काळ वेळापत्रकात धरावा.

सातवी पायरी: विक्रेते आणि वाहनतळ

चहाची टपरी, फळांची गाडी आणि पंक्चरवाला हे पदपथाचे शत्रू नव्हेत. त्यांच्यामुळे रात्री रस्ता जागता राहतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीमार्फत त्यांच्या जागा झाडांच्या पट्टीत किंवा रुंद ठिकाणी आखून द्याव्यात. जागा न आखता केवळ हटवले तर ते दुसऱ्या दिवशी चालण्याच्या मोकळ्या रुंदीत परततात.

दुचाकी चढू नयेत म्हणून लावलेल्या खांबांबाबत सावध राहावे. चाकाची खुर्ची जाईल इतके अंतर ठेवले की दुचाकीही जाते, आणि दुचाकी अडेल इतके कमी केले की खुर्चीही अडते. म्हणून दुचाकींसाठी वेगळी जागा देणे आणि दंड करणे हाच टिकणारा उपाय आहे.

आठवी पायरी: प्रस्ताव आणि प्रत्यक्ष काम

प्रस्ताव दहा पानांहून मोठा नसावा. त्यात मोजणीचा तक्ता, सर्वांत अरुंद जागेचा छेद, खंड पडणाऱ्या जागांची यादी छायाचित्रांसह आणि राज्य दरसूचीवरून काढलेला ढोबळ खर्च एवढे पुरे. सोबत अपघातांचे आकडे आणि कायद्याचा आधार जोडावा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे मरण पावली आणि त्यांतील ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८अ रस्त्याची रचना व देखभाल मानकांनुसार न करणाऱ्या यंत्रणेला आणि कंत्राटदाराला दंडास पात्र ठरवते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्याचा पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग असल्याचे म्हटले आहे. शिवाय महामार्गाशेजारी चालण्याची स्वतंत्र वाट या जिल्ह्याला नवी नाही. पंढरपूरकडे येणाऱ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणातच वारकऱ्यांसाठी ती आखली गेली आहे.

संपूर्ण रस्ता एकदम मागण्यापेक्षा वस्ती आणि कामाची जागा जोडणारा एक किलोमीटर निवडावा आणि तो कुठेही न तुटता पूर्ण करून घ्यावा. काम पक्के करण्याआधी वाहतूक पोलिसांच्या संमतीने प्लॅस्टिकचे खांब आणि ड्रम ठेवून दोन आठवडे चाचणी घ्यावी. गल्लीचे वळण फार घट्ट झाले की नाही, बस कुठे अडते, हे तेव्हाच कळते आणि चूक ड्रम सरकवून दुरुस्त होते. काम चालू असतानाही चालणाऱ्यांना तात्पुरती वाट मिळावी अशी अट कार्यादेशात असावी.

काम ताब्यात घेण्यापूर्वी, म्हणजे यंत्रणेने ते पूर्ण झाल्याचे मान्य करण्याआधी, तीन जणांना तो किलोमीटर चालायला सांगावे: चाकाची खुर्ची वापरणारी एक व्यक्ती, काठी वापरणारी एक दृष्टिहीन व्यक्ती आणि रात्री आठनंतर एकटी चालणारी एक महिला. जिथे त्या थांबतील ती प्रत्येक जागा दोषदुरुस्तीच्या यादीत लिहावी आणि ती पूर्ण होईपर्यंत कंत्राटदाराची अंतिम रक्कम सोडली जाऊ नये असा आग्रह धरावा. सहा महिन्यांनी जुनाच तक्ता घेऊन, त्याच तासांना, त्याच जागी पुन्हा उभे राहावे. उलट्या दिशेच्या सायकली अजूनही मुख्य रस्त्यावर असतील, किंवा दुभाजकाच्या जाळीला नवे भगदाड पडलेले दिसेल, तर पुढच्या टप्प्याचा पहिला निधी त्या भगदाडापाशी खर्च करावा.